वर्षातून एकदा

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. आमच्या खाडीकाठच्या गावातली पुष्कळ मुले जहाजावर जातात, त्यांतलाच हा. चौथीत असताना नकाशात गोदावरी दाखव म्हटले तर नर्मदेवर बोट ठेवणारा हा मुलगा आता अर्धी दुनिया हिंडून आला आहे. चकली मोडता मोडता त्याने मोबाइलवर आपल्या जहाजाचा फोटो दाखविला. जहाजाच्या पाठीवर नावाखाली ठळक अक्षरांत एक गाव लिहिले होते : माजुरो.

"हे कुठले रे बंदर?" मी विचारले.

तो हसला. म्हणाला, "बाई, हे जहाजाचे कागदावरचे गाव. मार्शल बेटांची राजधानी. तिथे नोंदणी केली की मालकाला सोयीचे पडते. आम्ही खलाशी सगळे इकडचे. माझे जहाज काही तिथे कधी गेलेले नाही."

तो गेल्यावर मी शाळेचा जुना ॲटलास काढला. पॅसिफिक महासागराच्या पार मध्यावर, माशीने बसून उठावे तसे काही ठिपके होते. इतके लहान की नावे पाण्यात लिहावी लागलेली. कोणाच्या घरचा पत्ता आपल्याला ठाऊक असावा आणि त्या घरात काय घडले ते मात्र ठाऊक नसावे, असे काहीसे मला वाटले. आणि मी त्या ठिपक्यांविषयी मिळेल ते वाचू लागले. वर्षभराच्या त्या वाचनातून हा लेख आला आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, तेव्हा अणूच्या पोटात काय चालते हे मला कोणी विचारू नये. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला माणसांच्या पोटात शिरण्याची खोड असते, आणि मास्तरकी करणाऱ्याला वह्या तपासण्याची. त्या दोन खोडींच्या आधाराने मी हे धाडस करीत आहे.

दिवाळीच्या आधी आमच्या शाळेच्या भिंतींना अजून चुना काढतात. पिंपात कळीचा चुना फसफसू लागला की मुले भोवती गोळा होतात. कितीही ओरडा, एकदोघे हात घालतातच, आणि मग हाताची आग झाली म्हणून रडतात. १ मार्च १९५४ या दिवशी मार्शल बेटांपैकी राँगेलॅप नावाच्या बेटावर आकाशातून जी पांढरी भुकटी पडली, ती एका परीने चुनाच होती. तिथून पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर बिकिनी बेट आहे. अमेरिकेने त्या पहाटे तिथे 'ब्राव्हो' नावाचा हायड्रोजन बाँब उडविला. शास्त्रज्ञांनी धरला होता त्याच्या अडीचपट जोराचा तो निघाला : १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावर पडला त्याच्या सुमारे हजारपट. बेटाखालचे पोवळ्याचे खडक भाजून, त्यांची राख होऊन ती वर गेली आणि वाऱ्याबरोबर पूर्वेकडे निघाली.

राँगेलॅपकरांनी त्या सकाळी सूर्य पश्चिमेला उगवलेला पाहिला. मग गडगडाट. आणि काही तासांनी ही भुकटी. त्या मुलांनी आपल्या कोकणातल्या मुलांसारखेच बर्फ कधी पाहिलेले नव्हते. ती त्या भुकटीत खेळली. भुकटी पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांत पडली, उघड्या अन्नावर पडली. तिथल्या बायकाही आपल्यासारख्या केसांना खोबरेल चोपडतात. त्या तेलाला ती चिकटून बसली. संध्याकाळपर्यंत अंगाला खाज, डोळ्यांची आग, ओकाऱ्या. दुसऱ्या दिवशी दोन अमेरिकन माणसे यंत्र घेऊन उतरली, पाणी पिऊ नका म्हणाली आणि लगेच परत गेली. लोकांना हलविणारे जहाज आले ते स्फोटानंतर दोन दिवस उलटल्यावर. जवळच्याच राँगेरिक बेटावर हवामान पाहणारे २८ अमेरिकन सैनिक होते. त्यांना त्याआधीच हलविलेले होते. पूर्वेकडच्या युटिरिक बेटावरच्या दीडशेच्या वर माणसांची पाळी सर्वांत शेवटी आली.

राँगेलॅपवर त्या दिवशी ६४ माणसे होती. आणखी १८ जण शेजारच्या बेटावर मासे आणि खोबरे यांसाठी गेले होते. चार मुले आईच्या पोटात होती. या शहाऐंशी जणांची ही हकीकत आहे, आणि त्यांना पाहायला येणाऱ्यांची.

त्यांना क्वाजालिनच्या नौदलाच्या तळावर नेले. कातडीवर भाजल्याचे चट्टे उठले, मुलांचे केस मुठी-मुठीने गळले, रक्तातल्या पेशी उतरल्या. डॉक्टरांनी त्यांची शुश्रूषा केली, त्यांत त्या वेळी कोणी दगावले नाही, हे खरे. पण त्याच आठवड्यात या माणसांच्या अभ्यासाला लष्करी प्रयोगांच्या यादीत एक क्रमांकही मिळाला : प्रकल्प ४.१. माणसाच्या शरीरावर किरणोत्साराचा काय परिणाम होतो हे पाहण्याचा प्रकल्प. पुढे हे काम ब्रुकहेवनच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे गेले आणि सुमारे चार दशके तिच्याकडे राहिले.

या माणसांवर मुद्दाम राख पाडली, असे म्हणणारे लोक त्या बेटांवर आहेत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या एका समितीने १९९५ साली जुने कागद तपासून, तसा पुरावा सापडत नाही, असा निर्वाळा दिला. मी तो मान्य करून पुढे जाते. मुद्दाम केलेल्या दुष्टपणाविषयी निबंध लिहावा लागत नाही. मला छळतो तो प्रश्न निराळा आहे, आणि तो चांगल्या माणसांविषयी आहे.

तीन वर्षे राँगेलॅपकरांना माजुरोजवळच्या एजिट बेटावर ठेविले. (माझ्या विद्यार्थ्याच्या जहाजाच्या पाठीवरचे माजुरो ते हेच.) १९५७ साली त्यांना सांगण्यात आले की गाव आता राहण्याजोगे झाले आहे. नवी घरे बांधून दिली. नारळावर चढणारे मोठे खेकडे तेवढे खाऊ नका म्हणून बजाविले, कारण त्यांत किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम फार सापडत होते. लोक आनंदाने परतले. त्यांच्याबरोबर, स्फोटाच्या दिवशी गावाबाहेर असलेले त्यांचे भाऊबंदही आले. डॉक्टरांच्या दृष्टीने ही मोठी सोयीची गोष्ट झाली. एकाच रक्ताची, एकाच अन्नावरची दोन प्रकारची माणसे : राख अंगावर पडलेली आणि न पडलेली. तुलनेला याहून चांगले काय हवे? ही माणसे त्या बेटावर राहिल्याने मोलाची माहिती हाती येईल, असे त्या काळच्या अहवालात सरळ नमूद केलेले आहे. त्याआधी १९५६ साली अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाच्या एका बैठकीत एक अधिकारी अशा अर्थाचे बोलला की ही माणसे आपल्यासारखी सुधारलेली नाहीत हे खरे, पण उंदरांपेक्षा ती आपल्याला अधिक जवळची आहेत. मी हे वाक्य पुन्हापुन्हा वाचले. त्यात द्वेष नाही. बोलणाऱ्याच्या मनात कदाचित थोडे कौतुकही असेल. एखाद्या पात्राच्या तोंडी मी असे वाक्य घातले असते, तर बाई खलपुरुष फारच भडक रंगवितात असे टीकाकार म्हणाले असते.

मग दर वर्षी डॉक्टरांची बोट येऊ लागली. रक्त घेत, लघवी घेत, वजन करीत, उंची मोजीत, मुलांच्या मनगटाचे एक्सरे काढीत. अंगातला किरणोत्सार मोजण्यासाठी जाड पोलादाची एक खोलीच बोटीवर आणली होती. एकेकाला तिच्यात बसवीत. काहींना रक्त मोजण्यासाठी किरणोत्सारी क्रोमियम टोचले, ज्याचा त्यांना स्वतःला उपयोग नव्हता. अहवालांत प्रत्येकाला नंबर होता. गावी परतल्यावर त्यांच्या अंगातले सीझियम पुष्कळ वाढले, हेही याच मोजणीत दिसले. दिसले आणि छापले गेले.

या पथकाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट कोनार्ड हे पंचवीसएक वर्षे त्या बेटांवर जात-येत राहिले. ते निर्दय नव्हते. लोकांवर त्यांचा जीव होता असे त्यांचे लिहिणे वाचून वाटते. त्यांच्या वह्यांत आणखी एक गोष्ट होती : काही मुलांची उंची वाढत नव्हती. राख पडली तेव्हा रांगत असलेली दोन मुले तर ठेंगूच राहिली. वर्षामागून वर्षे उंचीच्या रकान्यात आकडे पडत होते. कारण लक्षात येत नव्हते, तपासण्यांनीही चकविले. १९६३ साली एका मुलीच्या गळ्यात गाठ हाताला लागली. पाठोपाठ इतरांच्या. राखेतले किरणोत्सारी आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसले होते, आणि लहान मुलांच्या इवल्याशा ग्रंथी त्याने जाळल्या होत्या. राख पडली तेव्हा दहा वर्षांच्या आतली जी मुले राँगेलॅपवर होती, त्यांतल्या बहुतेकांना पुढे थायरॉइडचा विकार झाला. १९६५ पासून गोळ्या सुरू झाल्या. त्या मुलांची वाढ सुधारली. कित्येकांना शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत नेले.

या ठिकाणी आमच्या घरी वाद झाला. 'हे' तालुक्याच्या कचेरीत हिशेबाचे काम करतात आणि कागदावर त्यांचा माझ्यापेक्षा अधिक विश्वास आहे. त्यांचे म्हणणे, "अगं, मोजले म्हणून तर कळले! न मोजता सोडून दिले असते तर ती मुले ठेंगूच राहिली असती. आणि त्या मोजणीचा फायदा साऱ्या जगाला झाला, तो कुठे टाकशील?" हे खोडून काढण्यासारखे नाही. किरणोत्सारी राख पडली तर आधी लहान मुलांचा गळा सांभाळावा, हे जगाला ज्या थोड्या ठिकाणांवरून समजले त्यांत राँगेलॅप आहे. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा शेजारच्या पोलंडने सुमारे एक कोटी मुलांना साधे आयोडीन पाजले, ते थायरॉइडने विषारी आयोडीन शोषू नये म्हणून. म्हणजे राँगेलॅपच्या मुलांच्या गळ्यांवरून जे ज्ञान आले, त्यात उद्या गरज पडली तर माझ्या वर्गातल्या मुलांचाही वाटा आहे. ते मी नाकारणार नाही. मग माझी तक्रार तरी काय आहे?

ती मला नीट सांगता येईना. शेवटी उत्तर सापडले ते माझ्याच कपाटात.

आमच्या शाळेत वर्षातून एकदा मुलांची आरोग्य तपासणी होते. डॉक्टर येतात त्याच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षकाने उंची आणि वजन नोंदवून ठेवायचे असते. माझे अक्षर बरे आहे, म्हणून इतर वर्गांच्या वह्याही माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. वीटभट्टीवर काम करणाऱ्या आईबापांची. तिसरीत तिचे वजन मी लिहिले : १७ किलो. चौथीत लिहिले : १७. पाचवीत : साडेसतरा. तिन्ही आकडे एकाच निळ्या शाईत, एकाच वळणाचे. तपासायला आलेल्या वरिष्ठांनी वहीवर शेरा मारला, 'नोंदी व्यवस्थित'. मी तो शेरा घरी दाखविला होता, हे आठवले की अजून चेहरा गरम होतो. त्या मुलीला मी कधी विचारले नाही की सकाळी काय खाऊन येतेस. डबा उघडून पाहिला नाही. सहावीला ती आली नाही. आईबाप दुसऱ्या भट्टीवर गेले, तिकडेच ती गेली असे मुलांनी सांगितले, आणि मी हजेरीपटात तिच्या नावावर रेघ ओढली.

मला कोणी दोष दिला नाही. दोष देण्यासारखे काही कागदावर नव्हतेच.

आपण मराठीत 'लक्ष ठेवणे' म्हणतो आणि 'लक्ष देणे'ही म्हणतो. दुधावर लक्ष ठेव, उतू जाईल. मुलाकडे लक्ष दे, सुकला आहे. शब्द एकच, पण एकात लक्ष आपल्यापाशीच राहते, दुसऱ्यात ते आपल्याजवळून जाते. हे इतके सोपेही नाही, याची मला जाणीव आहे. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसलेली आई रात्रभर लक्ष ठेवीतच असते, आणि तिच्या हातातला थर्मामीटर डॉक्टरांच्याच थर्मामीटरसारखा असतो. पाहण्यात फरक नाही. फरक कशात आहे, तर जे दिसेल ते आवडले नाही म्हणजे पाहणारा काय करणार यात. पारा चढला की आई उठते. मी वही मिटली. ब्रुकहेवनच्या पथकाने सीझियम वाढलेले पाहिले आणि पुढच्या वर्षी किती वाढते ते पाहायला ते परत आले.

आणि दुसरा एक फरक आहे. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याला काही विचारावे लागत नाही. दुधाला कोण विचारतो?

राँगेलॅपकरांनी न विचारता सांगायला सुरुवात केली ती १९७२ च्या सुमारास. त्या प्रदेशाच्या लोकसभेतले त्यांचे एक प्रतिनिधी उघड म्हणाले की आमच्या लोकांना प्रयोगाचे प्राणी केले आहे; त्या वर्षीची मार्चमधली तपासणी लोकांनी होऊ दिली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस, राख पडली तेव्हा एक वर्षाचा असलेला मुलगा एकोणिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने अमेरिकेतल्या रुग्णालयात वारला. १९७५ साली राँगेलॅपच्या गावप्रमुखाने डॉ. कोनार्ड यांना पत्र लिहिले. तुम्ही आमच्याकडे माणसे म्हणून कधी पाहिले नाही. आम्हांला माहिती गोळा करणारे डॉक्टर नकोत, आमची काळजी करणारे हवेत, असा त्याचा आशय होता. कोनार्डना ते वाचून काय वाटले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. इतकी वर्षे दर साल समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला ते पत्र अन्यायाचे वाटले असेल. मला त्यांची कीव येते. तरीही पत्र खरेच होते.

पुढे १९७७ साली त्याच कार्यक्रमातल्या एका डॉक्टराने, जो पाहुणा नव्हता, बेटांवर राहून काम केलेला होता, लोकांची दृष्टी आणि कार्यक्रमाची दृष्टी यांची तुलना करणारे एक टिपण लिहिले. कार्यक्रमाला वाटे, आमचे काम किरणोत्साराचे परिणाम शोधण्याचे, बाकीची दुखणी स्थानिक दवाखान्याने पाहावीत. लोकांना वाटे, डॉक्टर आला आहे आणि माझे पोट दुखते आहे. इतका साधा तो भेद होता. तो दिसायला एकाला तिथे राहावे लागले.

१९८२ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मार्शली आणि इंग्रजी अशा दोन भाषांत एक पुस्तिका काढली. तीत बेटांना किरणोत्साराप्रमाणे आकडे दिले होते. आपल्या काही बेटांचा आकडा बिकिनीइतकाच आहे हे राँगेलॅपकरांनी त्या नकाशात वाचले. आणि बिकिनी तर पुन्हा रिकामे केलेले होते. आम्हांला हलवा, अशी मागणी त्यांनी केली. अमेरिकेचे सरकार हलेना. तेव्हा त्यांचे सेनेटर जेटन अंजेन यांनी ग्रीनपीस या संस्थेला विनविले, आणि मे १९८५ मध्ये 'रेनबो वॉरियर' हे जहाज आले. तीनशेच्या वर माणसे, त्यांची भांडीकुंडी, आणि घरेसुद्धा. वासे-पत्रे उतरवून बरोबर घेतले. अनेक खेपा झाल्या. ज्या मेजाटो बेटावर ती गेली तिथे खायला धड पिकत नव्हते, आणि आपल्या सरोवरातले मासे, आपली स्मशाने मागे राहिली. तरी ती गेली. एकतीस वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्यांपैकी त्या मोजण्यांचा हा अर्थ कोणी लाविला नव्हता. तो अर्थ मोजल्या गेलेल्यांनी लाविला.

माझी ती वही अजून कपाटात आहे. आता वजन लिहिताना मागच्या वर्षीचे पान उघडून ठेविते, आणि एखादा आकडा हललेला नसला तर मधल्या सुट्टीत त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसते. एवढ्याने फार होते असे नाही. एकदा एका मुलाची आजी मला म्हणाली, "बाई, वजन कमी आहे हे आम्हांला पण दिसते." मी गप्प बसले.

यंदाच्या गणपतीत तो जहाजवाला मुलगा पुन्हा घरी आला होता. नव्या जहाजावर जायचे म्हणून कागदपत्रे करीत होता. माजुरोची ही सारी हकीकत मी त्याला सांगितली. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, आम्हांलाही प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी तपासतात. डोळे, कान, रक्त, लघवी, छातीचा फोटो. मग शिक्का : फिट."

"मग बरेच आहे की," मी म्हटले.

"बरे आहे. पण माझा गुडघा वर्षभर दुखतो आहे. शिडी चढताना कळ येते. ते मी डॉक्टरला सांगितले नाही. सांगितले तर शिक्का मिळणार नाही."

मी त्याला रागावले. त्याची आई माझ्याहून अधिक रागावली असती, पण तिलाही त्याने सांगितले नव्हते. मग मी चहा टाकला आणि कुठला गुडघा, केव्हा दुखतो, सूज येते का, असे विचारीत बसले. त्यातले मला काही कळत नाही. तो मात्र पँटचा पाय वर करून, चौथीतल्या मुलाने खरचटलेले दाखवावे तसा, कुठे कुठे दुखते ते दाखवू लागला.